कूलर सोडून बाकी सगळं रद्द

आमचे आबा ठणठणीत आहेत. मध्यंतरी त्यांच्या मृत्युपत्राची तब्येत फार बिघडली होती, आणि ती मी बिघडवली होती.

आधी माझी ओळख सांगते. मी कोमल. जळगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथेच हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ही अभिमानाची गोष्ट असते असं भाषणांमध्ये ऐकलं आहे. प्रत्यक्षात तिचा अर्थ एवढाच, की घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यासमोर येतो. लाईट बिल, गॅसची केवायसी, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं, सगळं! ‘कोमलला विचारा, तिला माहीत असेल,’ असं सगळे म्हणतात. मला बहुतेक वेळा माहीत नसतं. पण इतके लोक म्हणतात म्हटल्यावर मलाही हळूहळू वाटायला लागलं, की माहीत असेल.

त्यातच आमच्या कॉलेजात कायद्याचं शिबिर झालं. एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी मृत्युपत्राबद्दल इतकं सोपं करून सांगितलं, की मला घरी जाऊन लगेच एक करावंसं वाटलं. साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, आणि त्यांनीही सही करायची. साक्षीदार शक्यतो असे बघायचे, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेच खरं. नवीन केलं की सुरुवातीलाच लिहायचं, ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.’ हे वाक्य मी वहीत अधोरेखित केलं. त्यानंतर बाई लहानसहान बदलांसाठी पुरवणी कशी जोडावी, याबद्दल काहीतरी सांगत होत्या. पण तेवढ्यात समोसे आले.

आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याजवळ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी गेले. आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी घागर, तिच्यात पाणी, वर डांगर (म्हणजे खरबूज), समोर सांजोऱ्या आणि आमरस. गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. आजीला जाऊन काही वर्षं झाली. तिचं नाव घेऊन झालं, आणि विषय काढायला हीच वेळ मला योग्य वाटली.

“आबा,” मी म्हटलं, “तुम्ही मृत्युपत्र करून टाका.”

आईच्या हातातली सांजोरी परातीत परत पडली. पप्पांनी (हे आबांचे मोठे चिरंजीव) माझ्याकडे असं पाहिलं, की माझं कॉलेज त्या क्षणी बंद झालं असं मला वाटलं. नाना, म्हणजे माझे काका, घागरीकडे बघत म्हणाले, “यंदा एकच भरलीय ना? की हिनं येताना दुसरी पण आणलीय?”

आबा मात्र खूश झाले.

(आमच्या घरी सगळे अहिराणी बोलतात. इथे मी बाकीच्यांचं बोलणं शाळेतल्या मराठीत सरळ करून लिहिलं आहे. आबांचं आणि अक्काचं सरळ करायची माझी हिंमत झाली नाही.)

“बराबर बोलनी पोर,” आबा म्हणाले. “माणूस जास, कागद राहस. जेवण व्हवू दे, मंग लिखू.”

आबांचा कागदावर फार विश्वास. ते आयुष्यभर मार्केट यार्डात मापाडी होते. कापूस, भुईमूग, मका, सगळ्याची मापं त्यांनी केली आणि त्या कमाईतून हे घर बांधलं. मापाच्या पावतीवर खाडाखोड झाली, की आबा ती पावती फाडून टाकायचे आणि नवी लिहायचे. आकडा सुधारला की शेतकऱ्याला संशय येतो, असं त्यांचं म्हणणं. “खाडाखोड म्हंजे लबाडी,” हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. त्याचा पुढे एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मग कूलर चालू केला. तो चालू असला की आतलं बोलणं बाहेर जात नाही. (बाहेरचंही आत येत नाही. विमान आलं तरी कळणार नाही!) हा कूलर म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मानाची वस्तू. कपाटाएवढा लोखंडी, स्टँडवरच्या रहीमचाचांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला. चालू करताना डाव्या अंगाला एक बुक्की मारावी लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे कोण कुणावर किती प्रेम करतं, हे कूलरसमोर कोण कुणाला जागा देतं यावरून कळतं.

“लिख,” आबा म्हणाले. “मांगलं घर दोन्ही आंडोरसले. शेत दोन्हीसले निम्मं निम्मं.”

दोन्ही मुलांची नावं लिहून झाली. मग आबा माझ्या कानाशी आले.

“आनि पुढल्या दोन खोल्या अक्काले.”

अक्का ही आबांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती भावाकडे आली, ती इथलीच झाली. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत ती राहते आणि बिबडे करून विकते. ज्वारी भिजवायची, वाटायची, चुलीवर मोठ्या पातेल्यात तिचा घाट शिजवायचा, मग कापडावर थापून उन्हात वाळवायचे. रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून घेऊन जातात. पण आता तो रस्ता चौपदरी झाला आहे, आणि रस्त्याकडची प्रत्येक खोली लोकांना शटर लावल्यासारखी दिसायला लागली आहे. नानांना त्या खोल्यांत मोबाईलचं दुकान काढायचं होतं. ते वाईट नाहीत. फक्त “अक्का काय, मागं पण राहील, चूलच तर पेटवायचीय,” असं ते अधूनमधून म्हणायचे, आणि अक्का ऐकून गप्प बसायची.

“हाई कोनले सांगू नको,” आबा म्हणाले. “अक्काले भी नई. तिले समजनं, त ती नको म्हनी.”

मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी शिकले याचा कोणाला तरी काहीतरी उपयोग होतोय, असं वाटलं. अक्षरही चांगलं आलं.

साक्षीदार म्हणून रहीमचाचा आणि देवरामभाऊ आले. देवरामभाऊ रिटायर कंडक्टर. ते दिवसभर रहीमचाचांच्या दुकानात बसतात, त्यामुळे एकाला बोलावलं की दोघं येतात. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांनी वाचायची गरज नाही, असं मी सांगितलं. दोघांनी सह्या केल्या. आईने दोघांना आमरस आणि सांजोऱ्या वाढल्या. आबांनी कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. सगळं नीट झालं होतं. इथे मी थांबायला हवं होतं.

पण मी प्रामाणिकपणे सांगितलं, “आबा, हे कधीही बदलता येतं बरं का. कितीही वेळा.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा काटा आला होता.

दुसऱ्याच दिवशी नानांनी आबांना नवी बॅटरी आणून दिली. आबांनी मला हाक मारली. “लिख पोरी. बांधवरला आंबा नानाले.” मी म्हटलं, “आबा, त्याच कागदावर खाली लिहू का?” आबा अशा आवाजात “खाडाखोड?” म्हणाले, की मी निमूटपणे नवा कोरा कागद घेतला. वर लिहिलं, ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.’ मग मागचं घर, शेत, अक्काच्या खोल्या, सगळं पुन्हा उतरवलं, आणि खाली आंबा. साक्षीदार आले. आमरस झाला. जुना कागद आबांनी फाडला आणि अक्काकडे दिला. “चूलमा घाल.”

अक्काला वाचता येत नाही. तिने तो घाटाच्या पातेल्याखाली सारला.

मग नाना आबांना म्हणाले, बिडी सोडा. “आंबा गया तुना!” आबा गरजले. “कोमल, कागद आन!” आंबा पप्पांकडे आला. पप्पा शेतातल्या मोटारीचं बटण बंद करायला विसरले, आंबा परत नानांकडे गेला. आईने कढी आंबट केली, तेव्हा तांब्याचा हंडा काकूच्या नावावर गेला. काकूने दुसऱ्या दिवशी कढीच केली नाही, हंडा परत आला. घरातले सगळे आबांशी इतकं गोड बोलायला लागले, की पाहुण्यांना वाटायचं, आबांची तब्येत बरी नाही. प्रत्येक वेळी नवा कागद, वर माझं ते अधोरेखित वाक्य, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि जुना कागद अक्काच्या चुलीत. साक्षीदारांना तर सवयच लागली. देवरामभाऊ संध्याकाळी दारावरून जाताना विचारायचे, “काय आबा, आज काही बदल नाही का?” आतून ‘नाही’ आलं, की त्यांचा चेहरा उतरायचा.

माझी सुट्टी संपली. जायच्या दिवशी आबा मला सोडायला स्टँडवर आले. अक्का पण आली, बिबड्यांचं गाठोडं घेऊन. बस यायची होती म्हणून आम्ही रहीमचाचांच्या दुकानात बसलो.

आबा एकदम म्हणाले, “बठ्ठासले दिधं. तुले काय दिधं?”

“मला काही नको, आबा.”

“तठे होस्टेलमा गरम व्हस ना?”

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, “हो, वर स्लॅब आहे. पंखा लावला की भट्टीसमोर बसल्यासारखं होतं.”

“मंग कूलर तुले. लिख.”

“आबा, बस येईल...”

“कितला येळ लागस? दोन वळी लिख.”

लांबून बसचा हॉर्न ऐकू आला. मी वहीतला कागद फाडला. हाताला वळण बसलेलं होतं, वर आपोआप उमटलं, ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.’ खाली लिहिलं, ‘माझा कूलर माझी नात कोमल हिला द्यावा.’ बाकीचं सगळं पुन्हा उतरवायला वेळ नव्हता, म्हणून सर्वांत खाली मी लिहिलं, ‘बाकी सर्व पूर्वीप्रमाणे.’ आबांनी पत्र्यावर कागद ठेवून सही केली. साक्षीदार तिथेच होते. जुना कागद आबांनी खिशातून काढला, फाडला आणि अक्काच्या हातात दिला. मी बसमध्ये चढले. खिडकीतून पाहिलं तर अक्का एका हाताने मला टाटा करत होती, आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या दोन खोल्या घेऊन घराकडे निघाली होती.

मला वाटलं, किती सुंदर निरोप!

रहीमचाचांना मात्र राहवलं नाही. आपल्या हातची वस्तू कोणाच्या तरी मृत्युपत्रात गेली, असं स्टँडवरच्या कुठल्या वेल्डरच्या नशिबी आलं होतं? “देख भाई, अपना कूलर कागज पे चढ गया!” असं त्यांनी पुढच्या बसपर्यंत सगळ्यांना सांगितलं. आता आमच्याकडे मुलीला कूलर एकाच प्रसंगी देतात. मी जळगावला उतरले तेव्हा मामीचा फोन आला. “कोमल, आम्हाला सांगितलं पण नाही! मुलगा शिरपूरचा आहे म्हणे?”

मी म्हटलं, “मामी, असं काही नाही.”

“बरं, बरं,” मामी म्हणाली. “लाजू नको.”

हे निस्तरते तोवर आईचा फोन. “अगं, आबा कूलरसमोर बसतच नाहीत. म्हणतात, देऊन टाकला, आता दुसऱ्याची वस्तू. वर चादर टाकून ठेवलाय. कुणालाच लावू देत नाहीत. नाना तुझ्या नावानं बोटं मोडताहेत.”

मला खरं सांगायचं तर भरून आलं. केवढा तो तत्त्वनिष्ठ माणूस! बाहेर इतकं ऊन होतं, की डांबर चपलेला चिकटत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच आठवड्यात शिबिराची प्रमाणपत्रं द्यायला वकीलबाई कॉलेजात आल्या. (परत समोसे होते.) मी धीर करून त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं, की तुमचं ऐकून मी माझ्या आजोबांचं मृत्युपत्र केलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस? मी शेवटचा कागद तोंडपाठ म्हणून दाखवला.

बाईंचा समोसा हातातच राहिला.

“‘पूर्वीप्रमाणे’ म्हणजे कशाप्रमाणे?”

“पूर्वीच्या मृत्युपत्राप्रमाणे.”

“ते तर तू वरच्याच ओळीत रद्द केलंस.”

“हो, पण... खाली परत...”

“ते पूर्वीचं आहे कुठे?”

“चुलीत.”

बाईंनी समोसा खाली ठेवला. मग फार शांतपणे म्हणाल्या, “कोमल, आज तुझ्या आबांना काही झालं, तर मृत्युपत्रात लिहिलेलं असं एकच काय उरतं? कूलर. बाकी सगळं त्यांच्या मुलांना जाईल. मुलं असताना बहिणीचा नंबर लागत नाही. तुझ्या अक्कांचा त्या दोन खोल्यांवर काहीही हक्क राहणार नाही.”

“आणि हे कोणामुळे?” असं त्यांनी विचारलं नाही. त्या चांगल्या आहेत.

मी तशीच उभी होते, तेवढ्यात पप्पांचा फोन आला. आबांना ऊन लागलं होतं. चक्कर येऊन पडले होते. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं.

धुळ्याची बस मला माझ्याच गावावरून घेऊन गेली. खिडकीतून अक्काच्या खोल्या दिसल्या. दार बंद होतं, बिबड्यांचं कापड गुंडाळून ठेवलेलं होतं. आबांना काही होऊ नये, एवढंच मी म्हणत होते. मग मनात यायचं, आणि झालंच तर आधी सही व्हावी. मग स्वतःचीच लाज वाटायची. मग परत अक्काचं दार आठवायचं. असं करत करत बसमध्येच मी कोऱ्या कागदावर सगळं मृत्युपत्र पुन्हा लिहून काढलं. खड्ड्यांमुळे अक्षर असं आलं होतं, की लिहिणाराच आजारी वाटावा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे होते. पप्पा, आई, नाना, आणि बाकावर कोपऱ्यात अक्का. डॉक्टर नुकतेच बाहेर आले होते.

“उन्हाचा तडाखा आहे,” ते म्हणाले. “वेळेवर आणलंत. सलाईन चालू आहे. पण या वयात इतक्या गरमीत ठेवायचं का त्यांना? घरी कूलर नाही का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आहे,” पप्पा म्हणाले. “पण तो हिच्या नावावर आहे.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून मला नीट पाहून घेतलं. मला वाटलं, आता बोलले नाही तर उशीर होईल. म्हणून मी म्हटलं, “डॉक्टर, आबा शुद्धीवर आहेत ना? तसं तुम्ही लिहून द्याल का? मला त्यांची एक सही हवी आहे.”

“सही? कशावर?”

“मृत्युपत्रावर.”

सिस्टरने वॉचमनला हाक मारली.

नाना बाकावरून उठले. “बघा! कूलर लिहून घेतला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं! त्या कूलरपायी म्हातारा पडला, आणि आता ही उरलेलं न्यायला आली! हेच शिकवतात का गं कॉलेजात?”

“नाना, तसं नाही...”

“मग कसं आहे? दाखव तो कागद!”

नेमके त्याच वेळी रहीमचाचा आणि देवरामभाऊ आबांना बघायला आले. माझ्या हातात कागद दिसताच देवरामभाऊंनी सवयीने खिशातलं पेन काढलं. “करायची का सही?”

“बघा! साक्षीदार पण बोलावून ठेवलेत!” नाना ओरडले.

मला रडू आलं. मी काही रडून सुटणाऱ्यांपैकी नाही, पण त्या दिवशी दुसरं काही सुचेना. आबांनी कोणाला सांगू नको म्हटलं होतं. पण आबा आत होते, आणि मी बाहेर वॉचमनच्या शेजारी उभी होते.

“मला काहीच नकोय,” मी म्हटलं. “कूलर पण नको. नाना, पुढच्या दोन खोल्या आबांनी अक्काला दिल्या होत्या. पहिल्या कागदापासून. आंबा इकडे-तिकडे गेला, हंडा गेला, पण खोल्या प्रत्येक कागदात अक्काच्याच होत्या. आणि आता माझ्या चुकीनं त्या कुठल्याच कागदात नाहीत.”

नाना हळूच खाली बसले.

कोपऱ्यातून अक्का म्हणाली, “मन्या खोल्या?”

“हो, अक्का.”

“मंग तो कागद कोठे शे?”

मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा भिंतीकडे बघायला लागले.

“तू चुलीत घातलास, अक्का. सगळे. एकेक करून.”

“मीच पेटाडात?”

“हो.”

अक्काने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मी आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. पण तिचे खांदे हलत होते ते हसून हलत होते. हसता हसता तिला ठसका लागला, आईने पाणी दिलं.

“तरीच!” अक्का म्हणाली. “त्या दिन चूल एक काडीमा पेटनी!”

वॉचमनही हसला. नानाच तेवढे हसले नाहीत. थोड्या वेळाने ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मला कोणी सांगितलं असतं तर...”

“तर काय केलं असतं?” पप्पांनी विचारलं.

“नाही म्हटलं असतं,” नाना म्हणाले. (नाना खरं बोलतात. आमच्या घरात हा दोष बऱ्याच जणांत आहे.)

अक्काने डोळे पुसले. “नाना, तू मना ओटावर टेबल मांड. मोबाईल ईक. बिबडा भी ईकजो. पन शटर नको लावू. माले गुदमरस.”

परत जाताना नानांनी अक्काचं गाठोडं स्वतः उचललं, हे मी पाहिलं.

आबांना घरी आणलं. आता त्यांना कूलरसमोर बसवायचं होतं, आणि ते बसायला तयार नव्हते. “कोमलना शे,” म्हणत कोपऱ्यात खाटेवर घामाघूम! डॉक्टर काय म्हणाले ते सांगून झालं, अक्का रागावून झाली. शेवटी मी रहीमचाचा आणि देवरामभाऊंना बोलावलं आणि चादर घातलेल्या कूलरपुढे उभी राहून म्हटलं, “या कूलरवरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडते.” आमच्या भागात बहिणींनी आणि लेकींनी आजवर घरं सोडली, शेतं सोडली. कूलर सोडणारी मी पहिलीच असेन. आबांनी दोन्ही साक्षीदारांकडे पाहून खात्री करून घेतली. मग नानांनी चादर काढली, डाव्या अंगाला बुक्की मारली, आणि सगळं घर एकदम आबांच्या जवळ सरकलं.

मी लगेच नवा कागद काढला. आबांनी हात वर केला.

“तू नई,” ते म्हणाले. “वकीलबाईले बलाव.”

बाई आल्या. त्यांनी सगळं टाईप करून आणलं होतं. पारोळ्याला जाऊन त्याची नोंदणीही करून देणार होत्या. आबांना त्यांनी तीन-तीनदा समजावलं, की आंबा रोज इकडून तिकडे जाणार नाही, आणि खरंच काही बदलायचं झालं तर पुरवणी करायची. (‘पुरवणी’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समोसे नव्हते, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू आलं.) मग त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलंच कलम अक्काच्या खोल्यांचं होतं. आबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. अक्का दाराशी बसून बिबड्यांच्या कापडाची उगीचच घडी करत होती, मोडत होती.

वाचत वाचत बाई शेवटच्या कलमावर आल्या आणि थांबल्या. ते आबांनी फोनवरून स्वतः सांगून घातलेलं होतं.

‘सदर मृत्युपत्र माझी नात कोमल हिने लिहिलेले नाही.’

“आबा,” बाई म्हणाल्या, “याची कायद्याला काही गरज नाही बरं का.”

“कायद्याले नसी,” आबा कूलरसमोर पाय पसरत म्हणाले. “घरले शे.”

आमच्या घरात सर्वांचं एकमत झालेलं ते एकमेव कलम आहे.